खांद्याची रेघ

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला स्टुडिओच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दुसऱ्या कंपनीची गाडी फिरत होती आणि तिच्या अंगावर या स्टुडिओची रेघ होती.

गाडी लालभडक, बुटकी, बिनछताची. प्रदर्शन सहा दिवसांवर आलं असताना त्या कंपनीनं आदल्या संध्याकाळी ती जगाला दाखवून टाकली होती. तबकडीवर गाडी सावकाश वळली. छतावरच्या दिव्यांच्या नळ्यांचं प्रतिबिंब पुढच्या चाकावरून वर चढलं, दारावरून घरंगळत मागे गेलं, आणि पडद्यासमोरच्या अकरा माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. काचांच्या खाली पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जी उठावदार कड जाते तिला या धंद्यात खांद्याची रेघ म्हणतात. गाडीचा चेहरा लोक विसरतात, खांदा विसरत नाहीत. आणि हा खांदा अकराही जणांनी गेले आठ महिने रोज पाहिलेला होता.

इथली गाडी दिसायला अगदी वेगळी होती. उंच, रुंद दारांची, हिरवट राखाडी. तिची कल्पना एका सत्तावीस वर्षांच्या डिझायनर मुलीची. ती जितकं काढायची त्याहून जास्त खोडायची, म्हणून सगळे तिला खोडरबर म्हणत. तिच्या वडिलांचे गुडघे गेल्यापासून ते रस्त्यानं चालताना उभ्या गाड्यांना हात टेकत टेकत जायचे आणि प्रत्येक गाडीवर हात घसरायचा. खोडरबरनं ते पाहिलं आणि गाडीचा खांदाच तळहाताएवढा रुंद केला, कमरेच्या जरा वर आणला. जिन्याच्या कठड्यासारखा. अशा गाड्या विकायला नसतात, कंपनी पुढे काय विचार करतेय ते सांगायला त्या प्रदर्शनात उभ्या करतात. हिला स्टुडिओत सगळे 'कठडा' म्हणत.

स्टुडिओच्या प्रमुखांनी पडदा बंद केला. त्यांना सगळे साहेबच म्हणत. त्यांनी गर्दीतून एकीला बोट करून केबिनमध्ये बोलावलं.

ती मोजणी विभागातली. भौतिकशास्त्र शिकून चौदा महिन्यांपूर्वी इथे लागलेली. मातीच्या मॉडेलवर लेझर फिरवून त्याचा प्रत्येक चढउतार संगणकात उतरवायचा, हे तिचं काम. घरून आणलेल्या पोळीचाही व्यास सांगेल, असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून तिचं नाव मोजपट्टी पडलं.

"दोन्ही रेघा किती सारख्या आहेत तेवढं मोज," साहेब म्हणाले. "आणि कुठून गेली असेल ते बघ. वकील लोक आले की ते सगळ्यांना उभंआडवं झोडपतील. त्याआधी आपल्याच माणसानं बघितलेलं बरं."

तिनं विचारलं, मुदत किती.

"गुरुवार, चार वाजता. वर एक कागद जाणार आहे. त्यावर एक नाव असेल तर गाडी प्रदर्शनात जाईल, आपलं चोरलं म्हणून छाती पुढे काढून जाईल. नसेल तर ती गोदामात." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि ज्याचं नाव असेल त्याला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. सात-आठ तर स्टुडिओ आहेत सगळे मिळून. आत्ता तरी माझ्याकडे एकच नाव आहे."

काचेपलीकडे खोडरबर आपल्या टेबलाशी बसून स्वच्छ कागदावर रबर फिरवत होती.

२

नाव का होतं ते मोजपट्टीला जेवणाच्या सुट्टीत कळलं, खुद्द खोडरबरकडूनच. पाच महिन्यांपूर्वी एका सोमवारी तिनं आजारी म्हणून रजा घेतली होती, पण ती आजारी नव्हती. त्या दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेली होती.

"वही नेली होतीस?" मोजपट्टीनं विचारलं.

"कॉलेजातली. कठड्याचं एक पान नव्हतं त्यात. आईशप्पथ." तिनं डबा उघडला आणि परत बंद केला. "तुला पटतंय ना? साहेबांना नाही पटत. त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराची वही मागवलीय, मी त्या आठवड्यात काय काय बाहेर नेलं ते बघायला. अगं, मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते रविवारसाठी कोट इस्त्रीला देऊन बसलेत, प्रदर्शनात लेकीच्या गाडीला हात टेकायचाय म्हणून."

 मोजपट्टीनं आपली अर्धी पोळी तिच्या डब्यात टाकली.

दुसरा संशय घेण्यासारखा माणूस म्हणजे गुळगुळीत. मातीवरून घेतलेलं मोजमाप संगणकात घोटून आरशासारखं करणं हे त्याचं काम. बोलणंही तसंच, कुठे नख लागायचं नाही. त्यानं हसत हसत आपल्या कपाटाच्या किल्ल्या, लॅपटॉप, फोन सगळं तिच्यापुढे मांडलं. चोरायचं असतं तर अख्खी गाडी चोरली असती, म्हणाला, एवढी मेहनत करून नुसता खांदा कोण नेतं. खाटकाकडे जाऊन कोंबडीचं एक पीस मागितल्यासारखं झालं ते. तिला हसू आलं, पण वाक्य डोक्यात राहिलं.

तिसरे मातीकाका, मातीचं मॉडेल घडवणारे.

मातीकाका खालच्या दालनात होते. तिथे अजूनही गंधकाचा वास यायचा. मॉडेलची माती म्हणजे रानातली माती नव्हे. ती मेण आणि गंधक मिसळलेली, तपकिरी. भट्टीत ऊन करून फोमच्या सांगाड्यावर थापायची आणि निवली की पात्यांनी खरवडत आकाराला आणायची. कठड्याचं पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल मधोमध उभं होतं. रंगवलेली प्रदर्शनाची गाडी शेजारच्या खोलीत आच्छादनाखाली होती, पण काका अजून मातीपाशीच घुटमळायचे. निवृत्तीला सात महिने राहिले होते.

इथल्या रिवाजाप्रमाणे पाती कंपनीची नसतात. ज्याची त्यानं घासून घडवलेली असतात, आणि कुणी कुणाच्या पात्याला हात लावत नाही. काका एक लांब, लवचिक पोलादी पातं जुन्या सदऱ्याच्या बाहीत गुंडाळून ठेवत होते. त्याची एक कड सरळ, दुसरी उंदरानं कुरतडल्यासारखी. कुरतडलेल्या कडेला ठोकलेलं एक अर्धं वर्तुळ.

"चंद्रकोर का हो काका?"

"शिक्का आहे. बापानं मारलेला." त्यांनी बाही नीट बांधली. त्यांनी तिला पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवली होती, की यंत्रानं मोजण्याआधी डोळे मिटून तळहात फिरवायचा. आज मात्र त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. कुणावर संशय आहे का, या प्रश्नालाही ते उत्तर देईनात. ती जिन्यापर्यंत गेली तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"मोजपट्टे. सगळी रेघ जुळते का गं?"

"दिसते तरी तशी."

"दिसण्यावर जाऊ नकोस. नीट मोज."

३

बुधवारी सकाळी तिनं नीट मोजलं.

त्या कंपनीनं टाकलेल्या चित्रफितीत गाडी एक पूर्ण फेरी फिरत होती. त्यातली चारशे चित्रं तिनं सुटी केली. टायरवर आकार छापलेला दिसत होता, त्यावरून प्रमाण मिळालं. चकचकीत पृष्ठभाग चित्रांवरून मोजणं महाकठीण, पण चकचकीतपणा स्वतःच एक मोजपट्टी असतो. सरळ नळीचं प्रतिबिंब ज्या जागी वाकडं होतं, त्या जागी पत्राही वाकडा असतो. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा खळगा प्रतिबिंबात बोटभर होऊन दिसतो.

आणि तो तिला दिसला. लाल गाडीच्या खांद्यावर, पुढच्या चाकाच्या कमानीपासून एक्केचाळीस सेंटिमीटरवर, प्रतिबिंब क्षणभर ढिलं पडत होतं. रेघेला जणू उचकी लागली होती. तिथून पुढे परत सुरळीत.

ती धावतच खाली गेली. मातीच्या कठड्यावर डोळे मिटून तळहात फिरवला. एक्केचाळिसाव्या सेंटिमीटरला तळव्याखाली काहीतरी पुटपुटलं.

तीच उचकी.

ती परत वर येऊन बसली आणि कागदावर उभ्या रेघा मारून तिनं विचार केला. खोडरबरच्या चित्रांत ही उचकी नव्हती. तिची मूळ रेघ म्हणजे साधी, जरा मरगळलेलीच कमान होती. चित्रं चोरीला गेली असती, तर त्या गाडीवर उचकी आली नसती. गुळगुळीतनं घोटलेल्या संगणकातल्या आकारातही ती नव्हती, त्यानं ती इतर बारक्या दोषांबरोबर पुसून टाकली होती. त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या रंगवलेल्या गाडीवरही ती नव्हती. म्हणजे चित्रं सुटली, संगणकातला आकार सुटला, खोडरबरची ती वहीसुद्धा सुटली.

चोरी झाली असेल तर थेट मातीवरूनच. मातीच्या दालनात फोन न्यायला बंदी, दारावर पेटी, आत कॅमेरा. डोळ्यांनी पाहून एक्केचाळीस सेंटिमीटरवरचा केसाएवढा खळगा कुणी लक्षात ठेवत नाही. तो कळायला मातीवर लेझर फिरवलेलं कच्चं मोजमाप लागतं. न घोटलेलं.

ते या इमारतीत एकाच संगणकावर होतं, त्याची परवलीची अक्षरं एकाच माणसाला ठाऊक होती आणि गुळगुळीतसुद्धा त्या माणसानं उघडून दिल्यावर शेजारी बसूनच ते घोटायचा.

मोजपट्टीनं पेन खाली ठेवलं. समोरच्या काळ्या पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता.

४

स्वतःवरचा संशय फेडायला तिच्याकडे एकच साधन होतं, ते म्हणजे आणखी मोजणं. काकांचा प्रश्न आठवला. सगळी रेघ जुळते का?

तिनं दोन्ही रेघा एकीवर एक ठेवल्या आणि पुढून मागे सरकत गेली. चाकाची कमान, उचकी, दाराचा सांधा, सगळं तंतोतंत. दाराच्या मुठीपाशी मात्र दोन्ही रेघा एकदम फारकत घेत होत्या. पुढे त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, शेपटापर्यंत दोन बोटांचं अंतर. जुळणारा भाग तिनं तीनदा मोजला. एक मीटर दहा सेंटिमीटर.

असा कुठला चोर असेल जो एक मीटर दहा चोरतो आणि पुढची रेघ स्वतःची काढतो? आणि चोरलेल्या मालातला दोषही जिवापाड जपतो? गुळगुळीतची कोंबडी आठवली. रेघ चोरली गेलीच नसेल तर? ती दोन्हीकडे एकाच वस्तूनं ओढली असेल तर? या स्टुडिओत एक मीटर दहा लांबीचं काय आहे?

तिच्या डोळ्यांपुढे सदऱ्याची बाही आली. मग अर्धं वर्तुळ. शिक्का कुणी अर्धा मारत नाही. पूर्ण मारतो, आणि मग कुणीतरी पातं मधोमध कापतं.

दुपारी ती खाली गेली तेव्हा काका भट्टीशेजारच्या स्टुलावर बसले होते, जणू वाटच पाहत होते.

"दुसरा अर्धा कुणाकडे आहे, काका?"

 काकांनी बाही सोडून पातं तिच्या मांडीवर ठेवलं. कुणी कुणाच्या पात्याला हात लावायचा नाही हे माहीत असल्यानं ती हात वर धरून बसली.

"धाकट्याकडे," काका म्हणाले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. बापही हेच काम करायचा. त्यानं एक चार बोटं रुंद पातं वर्षभर घासून असं घडवलं होतं, की पुढे पातळ आणि मागे जाड. ते वाकवलं की पुढे झपकन वळायचं आणि मागे सावकाश सरळ व्हायचं. आपण त्याला वाकवत नाही, ते आपल्याला वाकवतं, असं बाप म्हणायचा. एकदा ते उंचावरून पडलं, मुडपलं. त्यानं ठोकून सरळ केलं, पण आडवी दुमड राहिली ती राहिलीच, तीच ही उचकी. हात थकले तेव्हा त्यानं पत्र्याच्या कात्रीनं ते लांबीच्या दिशेनं मधोमध कापून दोन मुलांना दिलं. धाकटा लहानपणी मामाला दत्तक गेलेला, त्याचं आडनाव निराळं. तो त्या दुसऱ्या कंपनीत माती घडवतो. बाप गेला त्या दिवशी त्याच्या कंपनीत मॉडेल मंजुरीला ठेवायचं होतं, तो दवाखान्यात उशिरा पोचला. काका त्याला बोलायला नको ते बोलले. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही.

"सोमवारी ती लाल गाडी बघितली आणि म्हटलं, हा हात आपलाच."

"मग सांगून टाका ना साहेबांना. कुणी चोर नाहीच यात."

"लागताना कागदावर सही केलीय मी. जवळचं कुणी दुसऱ्या कंपनीत नाही म्हणून. तेव्हा वाटलं, आडनाव वेगळं, बोलणं बंद, कोण विचारतंय." ते हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आता सांग, लपवलेला भाऊ, तोही तिकडे, आणि रेघ सारखी. तू साहेब असतीस तर काय समजली असतीस?"

 खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त संशयास्पद असू शकते, हे तिला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

"आणि त्या पोरीला सांगू नकोस," काका म्हणाले. "सगळे तिला म्हणतात, काय रेघ काढलीस. म्हणू देत. हात टेकायची जागा तिनं बघितली. मी नुसतं पातं टेकवलं."

मोजपट्टीला मात्र एक वाट दिसत होती. दोन्ही अर्धी एका टेबलावर शेजारी ठेवली, कुरतडलेल्या कडा जुळल्या, वर्तुळ पुरं झालं, तर कुठलाही वकील गप्प बसेल. पुरावा एका कात्रीच्या अंतरावर होता. फक्त दुसरं अर्धं हवं होतं.

५

गुरुवारी सकाळी ती त्या दुसऱ्या कंपनीच्या फाटकासमोरच्या बाकावर बसली होती. काकांनी जाऊ नको म्हटलं होतं. चहाच्या सुट्टीत माणसं बाहेर आली, तेव्हा तिला विचारावं लागलं नाही. तोच पुढे झुकलेला खांदा, तेच नखांत तपकिरी मेण. मिशा सोडल्या तर मातीकाकाच, सहा वर्षांनी लहान.

तिनं कुठून आलो ते सांगितलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, अनोळखी माणसानं बसावं तसे.

"मला भाऊ नाही," ते म्हणाले. मग, समोर बघतच, "बरा आहे ना तो?"

ती म्हणाली, आत्तापर्यंत बरे आहेत.

"आमच्याकडेही चौकशी लागलीय, बाई. तुमच्या गाडीची ती नुसत्या खांद्याची जाहिरात मागच्या आठवड्यात आली ना, तेव्हापासून. आमच्याकडेही कुणीतरी मोजत बसलंय."

मोजपट्टीनं त्यांना सगळं समजावलं. एक मीटर दहा, उचकी, अर्धं वर्तुळ. तुमचं पातं द्या, नाहीतर तुम्ही स्वतः घेऊन या, दोन्ही कंपन्यांतली माणसं समोर बसवू, पाच मिनिटांचं काम आहे. बोलता बोलता तिचा आवाज चढला. तिला वाटलं होतं ते घाबरतील, नाही म्हणतील. ते तिच्याकडे वळून समजूत घातल्यासारखे हसले.

"काळजी करू नका. दादाला म्हणावं, माझ्याकडून काही सापडायचं नाही. जाहिरात बघितली त्याच दिवशी मी ते कापलं. पत्र्याच्या कात्रीनं, बोटाबोटाएवढे तुकडे. सगळा दिवस लागला. भंगाराचा ट्रक शनिवारी येऊन गेला."

समोर फाटकातून एक गाडी आत गेली, एक बाहेर आली.

"का?" तिनं विचारलं.

"त्यानं सहीत मला नाही म्हटलंय, ठाऊक होतं मला. मीही त्याला नाहीच म्हटलंय. पातं सापडलं असतं तर तो गेला असता कामावरून, सात महिने राहिलेले." त्यांना महिने पाठ होते. "अकरा वर्षांत त्याच्यासाठी एवढं एक तरी केलं."

घंटा वाजली. ते उठले, पुसटशी मान हलवून आत गेले. ते पातंच तुमच्या दादाला वाचवू शकलं असतं, हे सांगायला तिचं तोंड उघडलं आणि मग तिला वाटलं, हे त्यांना कशाला सांगायचं.

६

चारला पाच मिनिटं कमी असताना ती केबिनमध्ये शिरली. हातात एकोणीस पानं होती.

"बस," साहेब म्हणाले. "आता त्याची गरज नाही तशी. मातीकाकांनी दुपारी लिहून दिलं."

एक पान. काकांचं गोल, शाळेतलं अक्षर. मॉडेलचं मोजमाप घेऊन बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये मित्रांना दाखवलं, बढाई मारली, तिथून कुठे गेलं ठाऊक नाही. चूक माझी एकट्याची. खाली सही.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि तिची एकोणीस पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. ती थांबली तेव्हा त्यांनी पात्याच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"बरोबर असेल," ते म्हणाले. "दुसरं पातं आण."

"ते नाही."

"भाऊ येऊन सांगेल?"

तो आला तर त्याचीही नोकरी जाणार होती आणि त्याच्या नुसत्या शब्दावर विश्वास कुणी ठेवणार नव्हतं. तिनं मान हलवली.

"मग माझ्याकडे काय राहिलं? एका बाजूला सही, एका बाजूला भूमिती. आणि तुझी भूमिती मी वर पाठवली तर ते त्यातला भाऊ तेवढा उचलतील, बाकीची अठरा पानं टाकून देतील. मग नुसती नोकरी नाही, खटला होईल. दोघांवर." त्यांनी तिची पानं नीट जुळवून तिच्याकडे सरकवली. "काकांनी ते माझ्याआधी ओळखलं. तूही ओळख."

खाली काका हत्यारं लांबट पेटीत भरत होते. ती येऊन उभी राहिली तसे म्हणाले, "खरं सांगायचं तर चार जणांना पटवावं लागलं असतं. हे एकदा लिहिलं आणि झालं."

"तुम्हाला माहीत होतं, धाकट्यांकडे जाऊन उपयोग नाही?"

"नाही. का, काय म्हणाला?"

तिला सांगावं लागलं. काकांचा हात पेटीच्या झाकणावर तसाच राहिला.

"केवढे तुकडे?" त्यांनी विचारलं.

"बोटाएवढे."

ते खाली बसले. "दिवस लागला असेल. ते पोलाद कापत नाही लवकर." मग, "माझ्यासाठी कापलं म्हणाला?"

"हो."

फाटकावर रखवालदारानं पेटी उघडायला लावली. चौकशीतल्या माणसाचं हत्यार बाहेर जाऊ देऊ नये, असा वरून हुकूम होता. तो बिचारा पुन्हा पुन्हा माफी मागत होता. बाहीत गुंडाळलेलं पातं त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, चिठ्ठी लावली आणि पेटीतल्या बाकीच्या पात्यांसकट ठेवून घेतलं. काका रिकामी पेटी घेऊन रस्त्याला लागले. ती हलकी झाल्यानं चालताना पायावर आपटत होती.

खोडरबर वरच्या खिडकीत उभी होती. सुटल्याच्या आनंदानं तिचे डोळे रडून लाल झाले होते. "काकांनी असं करावं?" ती म्हणाली. "माझ्या रेघेचं?"

मोजपट्टीनं तिच्या शेजारी उभं राहून एकोणीस पानांची घडी केली आणि ती पिशवीत टाकली.

७

प्रदर्शनात कठड्याभोवती जितकी गर्दी होती तितकी दुसऱ्या कुठल्याच गाडीभोवती नव्हती. चोरीची बातमी सगळ्यांनी वाचली होती. खोडरबर व्यासपीठावर चांगली बोलली. तिचे वडील इस्त्रीचा कोट घालून आले, काठी लेकीच्या हातात दिली आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत खांद्यावर हात टेकत एकटे चालत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात कुठेच घसरला नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मोजपट्टीला तो ओळखीचा झुकलेला खांदा दिसला. धाकटे समोरच्या दालनातून आले होते. त्यांच्या खिशात गाडी पुसायचं फडकं होतं. त्यांनी तिला पाहिलं की नाही कळलं नाही. ते कठड्याच्या पुढच्या चाकापाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि तळहात खांद्यावर ठेवून मागे सरकवला. दाराच्या मुठीपर्यंत जाऊन थांबले. परत पुढे आले. पुन्हा सुरुवात केली, या वेळी अगदी सावकाश, बोटं पसरून. एक्केचाळीस सेंटिमीटरपाशी हात घुटमळला, पुढे गेला, मागे आला.

तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे उघडले.

"इथे हवी होती," ते म्हणाले.

"संगणकात घोटताना गेली," ती म्हणाली. "मातीवर होती."

"माती आहे अजून?"

कालपासून तिला वाटत होतं, हे तिला कुणी विचारू नये.

"काल खरवडली," ती म्हणाली. "पुढच्या गाडीसाठी भट्टीत घातली."

त्यांनी मान हलवली. माती कधीच फुकट घालवत नाहीत, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. खिशातलं फडकं काढून त्यांनी आपल्या तळव्याचा ठसा गाडीवरून पुसला आणि ते आपल्या लाल गाडीकडे परत गेले.